डबल इंजिन विमानाचं ट्रेनिंग: एक इंजिन मुद्दाम बंद करतात म्हणे?

खान्देशी_वारा
नमस्कार मंडळी. भाच्याचं सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) चालू आहे, 200 तासांपैकी बरेचसे सिंगल इंजिनवर झालेत आणि आता मल्टी इंजिनचे तास लागणार, पायपर सेमिनोल म्हणून विमान आहे. आमच्या ताईला कोणीतरी व्हॉट्सॲपवर कॅनडातल्या चिलिवॅकची जुनी बातमी पाठवली, ऑक्टोबर 2023 ची, पायपर सेनेका पडलं, तिघं गेले, त्यातली दोन आपल्या मुंबईकडची शिकाऊ पोरं. तेव्हापासून ताईचं जेवणात लक्ष नाही. दाजी तिला समजावतायत की अगं दोन इंजिनं म्हणजे डबल सेफ्टी, एक गेलं तरी दुसरं आहेच. आणि भाचा फोनवर हसत सांगतो, मामा आम्हाला तर एक इंजिन मुद्दाम बंद करून उडवायला लावतात, परीक्षाच ती असते! आता मला सांगा दाजी बरोबर का भाचा, आणि हे मुद्दाम बंद करणं कशासाठी. जाणकारांनी जरा सोप्या भाषेत लिहा, ताई पण वाचणार आहे.

निळी_रेघ
मी मल्टी इंजिन शिकवतो म्हणून लिहितो. दाजींचं म्हणणं पाच-सहा हजार फुटांवर सरळ चाललेल्या विमानापुरतं खरं आहे, टेकऑफनंतरच्या पहिल्या मिनिटात मात्र बिलकुल नाही.

सेमिनोलला 180 हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. एक गेलं की पॉवर निम्मी होते पण चढायची ताकद निम्मी होत नाही, जवळपास सगळीच जाते. कारण नुसतं हवेत टिकून राहायलाच भरपूर पॉवर लागते, त्यातून जी शिल्लक राहील तिच्यावर विमान वर चढतं. दोन्ही इंजिनांवर समुद्रसपाटीला मिनिटाला तेराशे फुटांच्या आसपास चढणारं हे विमान एका इंजिनावर दोनशेच्या आसपास चढतं. तेही चाकं आत, फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) वर, बंद इंजिनाचा पंखा फेदर केलेला (म्हणजे पाती वाऱ्याच्या धारेला समांतर वळवलेली) आणि पायलटने सगळं बिनचूक केलं तर. जुन्या अमेरिकन नियमांत 6000 पौंडांच्या आतल्या, कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या (म्हणजे पंखांची उचल संपणाऱ्या) ट्विनला, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाला, एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी सक्तीसुद्धा नव्हती. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि चढणं ही दुसरी काळजी. पहिली काळजी विमान सरळ ठेवायची. बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी बसलेल्या बैलाच्या अंगाला फिरते ना, तसंच होतं. त्याला थोपवायचं रडरने (शेपटीवरच्या उभ्या पट्टीने), पायाने. पण रडरला जोर येतो तो वाऱ्याच्या वेगातून. वेग एका मर्यादेखाली गेला की रडर पूर्ण दाबूनही पुरत नाही, नाक बंद इंजिनाकडे वळतं, तो पंख खाली जातो आणि दोन-तीन सेकंदांत विमान पाठीवर. त्या वेगाला व्हीएमसी म्हणतात, स्पीडच्या घड्याळावर तिथे लाल रेघ असते, सेमिनोलला 56 नॉट. आणि एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचा वेग 88 नॉट, तिथे निळी रेघ. माझ्या आयडीचं मूळ तेच.

शंकासुर
मग लाल रेघेच्या वर राहा, झालं की. 56 ला तर हे विमान जमीनसुद्धा सोडत नसेल. एवढ्यासाठी माणसं मरतात हे काही पटत नाही बुवा.

निळी_रेघ
शंकासुरा, ती 56 ची रेघ टेस्ट पायलटने ठरावीक परिस्थितीत काढलेली असते. चालू इंजिनाकडे 5 डिग्री बँक धरलेला असतो (विमान त्या अंगाला कललेलं), चाकं आत असतात, आणि एक इंजिन जाणार हे त्याला आधीपासून माहीत असतं. तू पंख नुसते सरळ ठेवलेस, बँक दिलाच नाहीस, तर प्रत्येक डिग्रीमागे सुमारे तीन नॉटने ती रेघ वर सरकते. म्हणजे घड्याळावर 56 रंगवलंय आणि खरी मर्यादा सत्तरीत पोचलीय.

आणि कोणी ठरवून तिथे जात नाही रे. होतं असं की इंजिन गेलं, समोर झाडं, विमान चढत नाहीये, हात आपोआप कंट्रोल मागे ओढतो, नाक वर, वेग 88, 80, 72... त्यातून बाहेर यायचा उपाय म्हणजे जे इंजिन चांगलं चाललंय त्याचाच थ्रॉटल मागे घ्यायचा आणि नाक खाली. तीनशे फुटांवर जमीन समोर दिसत असताना कुणाचा हात हे करेल? उंचीवर दहा वेळा करून घेतलं असेल तरच, आणि तरीही खात्री नाही. म्हणून तो सराव वर करतात, अमेरिकेतल्या परीक्षेत तर व्हीएमसीचा डेमो जमिनीपासून 3000 फुटांच्या खाली जाऊ द्यायचाच नाही असं स्पष्ट आहे.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ ताईले घाबरवू नका, पण एक हिशोब सांगतो. आमच्या गोंदियाकडं जमीन समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंच, अन् मे महिन्यात दुपारी 44 डिग्री म्हंजे काहीच नाही. पुस्तकातल्या प्रमाण हवेत हजार फुटांवर 13 डिग्री पाह्यजे. फरक झाला 31. एका डिग्रीले 120 फूट धरले तं 3720, त्यात जमिनीचे हजार, झाले 4700 च्या वर. म्हंजे विमान उभं आहे धावपट्टीवर पण त्याच्या इंजिनाले अन् पंखाले वाटते की आपण पावणेपाच हजार फुटांवर आहो. अन् सेमिनोलची पूर्ण वजनावर एका इंजिनाची सीलिंग, म्हंजे ज्याच्या वर ते एका इंजिनावर चढतच नाही जवळपास, ती किती? 3800 फूट!

म्हंजे उडायच्या आधीच तुम्ही सीलिंगच्या वर. एक इंजिन गेलं तं दुसरं इंजिन फक्त हळूहळू खाली आणून सोडते. यात पायलटची चूक नाही का मशीनची नाही, वेळेची आहे. भाच्याले म्हणा सकाळचा स्लॉट घे.

शंकासुर
हे मात्र भारी सांगितलंत ठेचासाहेब. दाजींची डबल सेफ्टी दुपारी बारा ते पाच बंद.

हँगरवाला
ठेचांचा हिशोब बरोबर आहे पण तो साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनांचा. डीए-42 सारख्या डिझेल ट्विनला टर्बो असतो, उन्हात तिची पॉवर एवढी पडत नाही. ट्रेनिंगमध्ये ती बरीच दिसते.

पण तिचीही एक गोष्ट आहे, आम्हा एएमई (विमान दुरुस्तीच्या इंजिनिअर) लोकांत सांगतात. मार्च 2007, जर्मनीत श्पायर. डीए-42 ची बॅटरी डाउन होती, बाहेरून ग्राउंड पॉवर लावून इंजिनं स्टार्ट केली आणि टेकऑफ केलं. चाकं आत घ्यायला बटण दाबलं, त्या मोटरने करंट ओढला, व्होल्टेज क्षणभर पडलं आणि दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर एकाच वेळी रिसेट झाले. दोन्ही पंखे फेदर, दोन्ही इंजिनं बंद, शेतात उतरले. माणसं वाचली. दोन इंजिनं होती पण दोघांची वायर एकीकडेच जात होती. त्यानंतर कंपन्यांना बॅकअप बॅटरीचा बदल करावा लागला.

मेलबर्नकर
धागा चांगला चाललाय म्हणून सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं खरा मुद्दा अजून आलेलाच नाही. इंजिन खरंच बंद पडून ट्विन पडतात तसंच इंजिन बंद पडल्याचं *नाटक* करताना पण पडतात आणि तिथे उजव्या सीटवर शिकाऊ पोरगा नसतो, तज्ञ असतो.

रेनमार्कचं उदाहरण घ्या. दक्षिण ऑस्ट्रेलिया, 30 मे 2017. सेसना 441, ही टर्बोप्रॉप (टर्बाइनवर पंखा फिरवणारं इंजिन) आहे, सेमिनोलपेक्षा मोठी आणि चौपटीच्या आसपास ताकदीची, पण दोन इंजिनांची लहान चार्टर विमानंच ही. आत तिघे. डाव्या सीटवर कंपनीत नवीन घेतलेला पण अनुभवी पायलट, त्याची तपासणी चाललेली. शेजारी कंपनीचा चीफ पायलट, तो तपासणी घेतोय. आणि चीफ पायलट तपासणी नीट घेतो का हे बघायला सरकारी नियामक संस्थेचा, म्हणजे कासाचा, इन्स्पेक्टर. म्हणजे परीक्षा देणारा, परीक्षा घेणारा आणि परीक्षकाची परीक्षा घेणारा. ॲडलेडहून आले, रेनमार्कला उतरले, दुपारी सव्वाचारच्या सुमारास परत टेकऑफ केलं आणि ठरल्याप्रमाणे टेकऑफनंतर लगेच एका इंजिनाची पॉवर कमी करून इंजिन गेल्याचं सोंग केलं. विमान अपेक्षेइतकं चढलं नाही, वेगही पाहिजे तेवढा आला नाही, सराव चालूच राहिला, आणि साधारण 40 सेकंदांनी कंट्रोल सुटला. तिघंही गेले.

एटीएसबीचा (ऑस्ट्रेलियातल्या अपघात तपास संस्थेचा) रिपोर्ट यायला जवळपास तीन वर्षं लागली कारण विमानात फ्लाइट रेकॉर्डर नव्हता, आणि तसा तो त्या प्रकारच्या विमानाला सक्तीचाही नव्हता. रिपोर्टमधली जी ओळ मला झोंबली ती अशी की विमानाच्या हँडबुकमध्ये हा सराव जमिनीपासून 5000 फुटांवर करा असं सांगितलेलं होतं. यांनी तो काहीशे फुटांवर केला. आता तुम्ही म्हणाल मूर्खपणा, पण तसं नाहीये, टेकऑफनंतरची इमर्जन्सी टेकऑफनंतरच दाखवावी असं तिथल्या ट्रेनिंगच्या लोकांत मुरलेलं होतं, आणि त्या मॉडेलचा सिम्युलेटर ऑस्ट्रेलियात नव्हता.

शंकासुर
40 सेकंद म्हणजे भरपूर वेळ झाला की हो. तिघांपैकी एकाला तरी म्हणता आलं नाही का, बास, दोन्ही थ्रॉटल पुढे?

टॉवरवरून_निवृत्त
शंकासुर, तुम्ही ऑफिसात बसला आहात असं समजा. नवीन माणूस विचार करतो, साहेब शेजारी आहेत, धोका असता तर त्यांनी थांबवलं असतं. साहेब विचार करतात, माणूस अनुभवी आहे, सावरेल, आणि आज माझ्यावरच नजर आहे तेव्हा मी घाईने हस्तक्षेप केला तर कसं दिसेल. मागचे मोठे साहेब म्हणतात, मी बघायला आलोय, उडवायला नाही. हे त्या तिघांच्या डोक्यात होतं असं मी म्हणत नाही, ते कुणालाच कळणार नाही, पण मी तीस-पस्तीस वर्षं टॉवरमध्ये काढली आणि तिघे सीनियर एका खोलीत असले की निर्णय कुणाचा हा घोळ रोज बघितलाय. एक सीनियर आणि एक ट्रेनी असेल तर घोळ नसतो, सीनियर सरळ कंट्रोल हिसकावून घेतो.

निळी_रेघ
काकांनी बरोबर लिहिलंय. मी एक तांत्रिक भर घालतो, कारण "नाटक" या शब्दातच सगळी गोम आहे. इंजिन बंद पडल्याचं दाखवायला थ्रॉटल पूर्ण मागे ओढला तर तो पंखा फेदर केलेल्या पंख्यासारखा वागत नाही, उलटा ब्रेक लावल्यासारखा वारा अडवतो. खऱ्या फेल्युअरपेक्षा खोटं फेल्युअर जास्त ओढतं! म्हणून थोडी पॉवर ठेवायची असते, त्याला झिरो थ्रस्ट म्हणतात, सेमिनोलमध्ये मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) साधारण 11-12 इंच.

हेच डार्विनला घडलं. 22 मार्च 2010, ब्रासिलिया, तीस सीटचं टर्बोप्रॉप, प्रवासी नव्हते, फक्त दोन पायलट आणि ट्रेनिंग. टेकऑफनंतर डाव्या इंजिनाचा लिव्हर झिरो थ्रस्टला थांबवायच्या ऐवजी फ्लाइट आयडलपर्यंत (हवेतल्या सगळ्यात कमी पॉवरपर्यंत) मागे घेतला गेला, विमान डावीकडे कलंडत गेलं, दोघेही गेले. त्याच्यानंतर ऑस्ट्रेलियाने मोठ्या प्रवासी विमानांसाठी हे सराव सिम्युलेटरमध्येच करायचे असा नियम आणला. सेसना 441 लहान, म्हणून त्या नियमाच्या बाहेर राहिली. सात वर्षांनी रेनमार्क. आणि याच्या आधी 1995 ला टॅमवर्थला मेट्रो नावाचं विमान, रात्रीच्या अंधारात, टेकऑफला इंजिन कट करून सराव, तिथेही दोघे. तीच गोष्ट तीन वेळा.

खान्देशी_वारा
बापरे. ताईने वाचलं सगळं. तिचा प्रश्न आहे, आणि मला तो रास्त वाटतो, की मग हा सराव विमानात करूच नये ना, सिम्युलेटरवर करा की. आमच्या पोराला कशाला वर नेऊन इंजिन बंद करता?

निळी_रेघ
ताई, नमस्कार. अर्धा भाग तुमचा बरोबर आहे. टेकऑफनंतर लगेचचं फेल्युअर, दोनशे-तीनशे फुटांवरचं, हे सिम्युलेटरवरच करावं असं माझं स्पष्ट मत आहे आणि माझ्या ओळखीतले बरेच इन्स्ट्रक्टर आता तसंच करतात. पण पायाला रडरचा खरा जोर किती लागतो, मांडी थरथरायला लागते, विमान कसं तिरपं ओढतं, कानात चालू इंजिनाचा आवाज एकाच बाजूने कसा येतो, हे स्वस्तातल्या सिम्युलेटरवर कळत नाही. ते एकदा चार-पाच हजार फुटांवर खऱ्या विमानात करायला हवं, नाहीतर पोराला खरं फेल्युअर आलं त्या दिवशी तो पहिल्यांदाच ते अनुभवेल. वर केलं की चूक झाली तरी खाली हवा शिल्लक असते.

दुसरं एक कारण. घाबरल्यावर माणूस चुकीचं इंजिन बंद करतो. तैवानचं 2015 चं एटीआर आठवत असेल, तैपेईत पुलाला घासून नदीत पडलं, डॅशकॅमचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. एक इंजिन गेलं होतं आणि पायलटने चालू असलेलंच बंद केलं, 43 जण गेले. म्हणून आम्ही पोरांकडून मोठ्याने म्हणवून घेतो, कुठला पाय मोकळा आहे तेच इंजिन मेलं, मग त्याचा थ्रॉटल हळू मागे घेऊन खात्री कर, काही फरक पडला नाही तरच फेदर. हे म्हणून शंभर वेळा झालं की मग हात घाई करत नाही.

मेलबर्नकर
ताईंना अजून एक सांगतो, भीती घालायला नाही. मल्टीच्या ट्रेनिंगचे सगळे अपघात इंजिनाचे नसतात. इथे व्हिक्टोरियात मँगलोर नावाचं गाव आहे (हो, तेच नाव, आपल्या मंगळुरूशी घोटाळा होतो म्हणून बातमी आली तेव्हा मला भारतातून चार फोन आले होते). 19 फेब्रुवारी 2020, दोन लहान ट्विन, एक सेमिनोल आणि एक जुनं बीचक्राफ्ट ट्रॅव्हल एअर, दोन्ही इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंगवर (बाहेर न बघता नुसत्या घड्याळांवर उडवायला शिकणं). एक मँगलोरहून निघून वर चढतंय, दुसरं मँगलोरकडे खाली येतंय. 4100 फुटांच्या आसपास आदळली, चौघे गेले. दोन्ही विमानांची चारही इंजिनं मस्त चालू होती. कंट्रोलरने दोघांना एकमेकांची माहिती दिलेली, पण ती हवाई हद्द अनकंट्रोल्ड, अंतर राखायची जबाबदारी पायलटांचीच. एटीएसबीने नंतर एडीएस-बी रिसीव्हरवर भर दिला, म्हणजे आजूबाजूची विमानं कॉकपिटमधल्या टॅबलेटवर दिसतील. मग सरकारने लहान विमानवाल्यांना ते बसवायला अनुदान काढलं.

टॉवरवरून_निवृत्त
आमच्या भाषेत त्याला ट्रॅफिक इन्फर्मेशन म्हणतात, आणि पायलटने "कॉपी" म्हटलं की कंट्रोलरच्या मनात ते काम झालेलं असतं. प्रत्यक्षात ट्रेनीचं डोकं घड्याळांत बुडालेलं, इन्स्ट्रक्टरचं ट्रेनीत. बाहेर कोण बघतंय? भाच्याला सांगा, इन्स्ट्रक्टर शिकवत असताना सुद्धा रेडिओवर दुसऱ्या विमानाशी थेट बोलायला लाजू नकोस. आपल्याकडची पोरं मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलत नाहीत, घरात ठीक आहे ते, तिथे नाही.

खान्देशी_वारा
भाच्याला हा धागा पाठवला. तो म्हणतो त्यांच्याकडे टेकऑफचं फेल्युअर धावपट्टीवरच, वेग कमी असताना दाखवतात आणि तिथेच थांबवतात, बाकी सगळं तीन हजारांच्या वर. मिक्श्चर (इंधनाचा लिव्हर) ओढून खरोखर इंजिन बंद करायचं आणि फेदर करायचं ते एकदाच, तेही विमानतळाच्या जवळ आणि भरपूर उंचीवर. आणि उडायच्या आधी दोघांनी बसून ठरवायचं असतं की आज काय करणार, कंट्रोल कोणाचा, "थांबा" कोणीही म्हटलं तरी थांबायचं. ताई जरा शांत झालीय. दाजी मात्र अजून डबल सेफ्टीवर ठाम.

हँगरवाला
फेदरवरून आठवलं, भाच्याला विचारा सेमिनोलचा पंखा 950 आरपीएमच्या खाली फेदर होतो का. नाही होत, आत लॉक पिना असतात, त्या बाहेर येऊन बसतात, जमिनीवर इंजिन बंद केल्यावर पंखा फेदरमध्ये जाऊन बसू नये म्हणून ती सोय आहे. म्हणजे हवेत इंजिन आचके देत मरतंय आणि तुम्ही विचार करत बसलात तर फेदरची संधी गेली, तो पंखा आता ब्रेकच. आणि उडायच्या आधीच्या तपासणीत हेही बघायला सांगा की फेदर चेक नुसता टिक मारून पुढे जात नाहीत.

शंकासुर
शेवटचा प्रश्न, मग सोडतो. समजा नाटक नाही, खरंच गेलं, तीनशे फूट, मे महिना, दुपार, ठेचांचा हिशोब लागू, विमान चढत नाही. मग?

निळी_रेघ
मग चालू इंजिनाचा मोह सोडायचा. चाकं अजून खाली असतील आणि समोर धावपट्टी शिल्लक असेल तर दोन्ही थ्रॉटल बंद करून त्यावरच. नसेल तर निळ्या रेघेवर वेग धरायचा, तो चढवत असेल तर ठीक, खाली आणत असेल तर खाली जायचं, समोर तीस-चाळीस डिग्रीच्या आत जे मोकळं दिसेल तिथे, पंख सरळ ठेवून. परत वळून धावपट्टी गाठायला जाऊ नये. कंट्रोलमध्ये असताना शेतात उतरलेल्या विमानातून माणसं चालत बाहेर येतात, विमानाचं काय ते इन्शुरन्सवाले बघतील.

वऱ्हाडी_ठेचा
अन् मे महिन्यात आमच्याकडं बरीच वावरं रिकामी राह्यतात, तेवढं बरं आहे. फक्त बांध पाहून उतरजा, अन् विजेच्या तारा. तारा वरून लवकर दिसत नाहीत, खांब पाह्याचे.